एक मात्रा कमी

मनवेलपाडा, विरार पूर्व
१९ नोव्हेंबर २०२५

परेश,

सही करणार नाही. पहिल्याच ओळीत सांगून टाकलं, पुढचं वाचायचं की नाही ते तुझं तू ठरव.

कागदावर का लिहितेय म्हणून हसशील. कारण तू माझे व्हॉइस मेसेज दुप्पट वेगाने ऐकतोस. एका घरात राहत होतो तेव्हा हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझाच आवाज माझ्यासमोर चिवचिवत पळायचा आणि तू 'हं, हं' करत मान हलवायचास. कागद पळवता येत नाही. अक्षरही मुद्दाम किचकट काढलंय, म्हणजे सावकाश वाचावं लागेल.

तुझा मेसेज असा होता: "कंपनीला आपली खाडीवाली चाल जाम आवडलीये. हळदीच्या सीझनला काढायची. फक्त सातचं आठ करायचं, सरळ ठेका. एकच मात्रा वाढेल यार, कोणाला कळणार?" खाली एक अंगठा आणि एक नाचणारी बाई.

मला कळेल. तुलाही कळेल, आणि खरं तर तेच मला लागलं. पाचूबंदरला जेट्टीवर बसून मी ही चाल पहिल्यांदा गुणगुणले, तेव्हा शेजारच्या पालथ्या टोपलीवर तू बोटांनी ठेका धरलास. मी काही सांगितलं नव्हतं, तरी तू बरोब्बर सातात पकडलीस. "ही लंगडते," म्हणालास, "पण काय गोड लंगडते!" शब्द तुझे आहेत, माझे नाहीत. मग आपण ती दोघांच्या नावाने नोंदवली, म्हणून आज तुझ्या अंधेरीच्या कंपनीला माझी सही लागते. एकट्याच्या नावावर असती तर तू मला विचारलंही नसतंस.

सातच का, असं तिथल्या साहेबांनी विचारलं म्हणे. त्यांना सांग, ती तशीच आली. पोराला सहा बोटं असली तर आई एक कापून टाकत नाही. आणि सात मात्रांच्या रूपक तालाची खरी खुमारी तुला ठाऊक आहे. बाकीचे ताल समेवर जोर देतात आणि रूपकाची समच खाली. पहिल्या मात्रेवर डग्गा गप्प असतो, ऐकणाऱ्याचा पाय जरा अधांतरी राहतो, मग पुढे जमीन लागते. तुमच्या साहेबांना पहिल्याच मात्रेवर धडाम हवंय. नाचता येईना अंगण वाकडं, एवढं ऐकलं होतं. हे तर अंगणच खणायला निघालेत.

शब्दही बदलणार. 'खाडीपल्याड दिवा हले, कोणाची वाट बघे' हे काढून 'नवरीला लावा हळद, डीजे वाढव जरा'. हळदीच्या गाण्यांवर माझा राग नाही हे तुला माहीत आहे. आपलं 'मांडवात पोपट' गाजलं तेव्हा मी आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवर नाचले होते. ते नाचायलाच केलं होतं, बाजारासाठी केलं आणि बाजारात गेलं. ही चाल कोणासाठीच केली नव्हती. मला ती हवी होती म्हणून केली. माझ्याकडे अशी एकच आहे.

बाकी ठीक. क्लासला मुलं येतात. तुझा तबला कपाटावर आहे, वर शाल टाकली आहे. धूळ बसते म्हणून टाकली, उगाच भलता अर्थ काढू नकोस.

नेत्रा


७ डिसेंबर

परेश,

तुझं उत्तर ऐकलं. साध्या वेगाने, अगदी मधले उसासे आणि मागची रिक्षा धरून.

"सातात कोण नाचतं नेत्रा? लोड घेऊ नको. नायतर ठेव ती चाल कपाटात, लाव तिला डांबराच्या गोळ्या." असं म्हणालास. छान. कपाटात ठेवणार नाही, तुमच्या कंपनीलाही देणार नाही. रस्त्यावर वाजवणार आहे.

मर्सी आठवते? पाचूबंदरची, आपल्या पहिल्या बॅचमधली, जी हार्मोनियमचा भाता जोरात ओढायची. आता पतपेढीत नोकरीला आहे. जानेवारीत तिचं लग्न. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी घरच्या बायका विहिरीवर जाऊन नवरीच्या आंघोळीचं पाणी आणतात, पुढे बँड. ती निमंत्रण घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, पानी आनायला जातील ना, तवा तुमची खाडीची चाल पायजे मला. पोपट नको. पोपट सगल्यांच्या लग्नात असतो." क्लासमध्ये एकदाच कधीतरी वाजवली होती मी. तिने ती लक्षात ठेवली होती. मी तिला दारातच मिठी मारली, शेजारच्या काकू बघतच राहिल्या.

बँड भुईगावच्या सिप्रियनकाकांचा. तालीम त्यांच्या वाडीत, केळींच्या मधे. काका ट्रम्पेट चांगलं वाजवतात पण मनाने तुझ्याच पक्षाचे आहेत. मी चाल वाजवून दाखवली तर टोपी मागे सारून म्हणाले, "बाई, आठवी कुठं गेली?"

"नाहीच ती."

"नाही म्हंजे? पोरांचा पाय पडतो तिथं. पाय काय हवेत धरायचा?"

"हवेत नाही धरायचा. पुढे टाकायचा."

"आनि लोकं खुर्ची सोडून उठली नाय, तर पुढची सुपारी कोन देनार? तुम्ही?"

मर्सीचा शब्द होता म्हणून ते थांबले, नाहीतर तिथेच ट्रम्पेट पेटीत गेलं असतं.

अडचण खरी आहे, मी नाकारत नाही. बँडवाल्यांना कवायतीची सवय. आठात सम दरवेळी डाव्या पायावर येते, डोकं वापरावं लागत नाही. सातात ती एकदा डाव्यावर येते, पुढच्या खेपेला उजव्यावर. मोठा ढोल वाजवणारा विपुल पहिल्या फेरीत उजव्या पायाशी आला आणि जागच्या जागी उडी मारून डावा पुढे केला. मागचा क्लॅरिनेटवाला त्याच्या पाठीवर आपटला. सगळे हसले, मीही हसले. मग मी म्हटलं, कवायत करूच नका. बाजारातून घरी जाताना चालता तसे चाला. पाय कुठे पडतोय ते पायाला बघू दे.

आठवड्यातून दोनदा जातेय. अजून विपुल कडव्याच्या शेवटी आठवी मात्रा घुसडतो आणि लगेच जीभ चावतो. तू असतास तर एका दुपारी त्याचा हात बसवला असतास. हे खरं आहे म्हणून लिहिलं.

नेत्रा


२३ डिसेंबर

परेश,

आज तुला शिव्या घालायला बसलेय. चहा प्यायचा असेल तर आधी पिऊन घे.

काल क्लासमधल्या दोन मुलींनी पेटीवर मला एक तुकडा वाजवून दाखवला. "मॅडम, हे ट्रेंडिंग आहे, तुम्हाला येतं?" आला की मला. माझाच होता. माझा मुखडा, आठात ताणलेला, पहिल्या मात्रेवर धडाम, आणि कोणीतरी किंचाळतंय 'डीजे वाढव जरा'. ताणलेल्या जागी त्यांनी मधे एक टाळी टाकलीय. सगळं जग ती टाळी वाजवत सुटलंय. खालच्या सोसायटीतला वॉचमनसुद्धा.

तुला फोन केला तर म्हणालास, "अगं गाणं नाहीये ते, टीझर आहे. पंधरा सेकंदांचा. मी फक्त डेमो दिला होता, त्यांनी टाकला. पंधरा सेकंदांना सही नाही लागत." वा! बोट धरून नेलेलं पोर विकलं नाही, नुसतं दुकानात मांडून ठेवलं. तुझा डेमो होता, परेश. टाळी तू टाकलीस. ती टाळी टाकायची सवय मी ओळखते, पोपटातही तिथेच टाकली होतीस.

चिपळूणहून आईचा फोन आला. "अगं, तुमची चाल लागलीय ना मोबाइलवर? दोघं परत एकत्र काम करताय का?" तिच्या आवाजात इतका आनंद होता की मी 'नाही' म्हणायला वेळ लावला. तेवढ्या वेळाचा हिशेब तुझ्या खाती मांडून ठेवलाय.

मला चोरीपेक्षा भीती कशाची वाटते सांगू? माझी चाल अजून कोणी ऐकलेलीच नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, तशी तुमची आठातली पुढे गेली. आता माझी सातातली जिथे वाजेल तिथे लोक म्हणणार, बाईचा ठेका चुकतोय. बरोबर असलेली गोष्ट चूक ठरणार आणि चुकीची मूळ म्हणून मिरवणार. तुला कळतंय का तू काय केलंयस? आता पाचूबंदरचा तो एक रस्ता एवढीच संधी माझ्या चालीला आहे. तिथे ती उभी राहिली नाही तर तिचं नाव पुसलं गेलं म्हणून समज.

सिप्रियनकाकांचाही फोन आला होता. खुशीत होते. "बाई, तुमचं गानं हिट झालं की! आता आठातच घेऊ, पोरान्ला पन सोपं." मी त्यांना सांगितलं की माझं गाणं हिट झालेलं नाही, आणि तालीम उद्या नेहमीच्या वेळेला आहे. म्हणाले, उद्या नाताळची आदली संध्याकाळ, कोण येणार? खरंच की. रागात माणसाला सणसुद्धा दिसत नाही. मग सव्वीसला ठरली.

तो टीझर खाली उतरव. विनंती नाही ही.

नेत्रा


५ जानेवारी २०२६

परेश,

टीझर उतरला नाही. तुझा "हॅपी न्यू इयर" मात्र आला, फुगे वगैरे. ठेवून दिला.

परवा मर्सीकडे गेले होते. काय घडलं ते सगळं सांगते, माझ्या फजितीसकट, कारण दुसऱ्या कोणाकडून कळलं तर तू ते तुझ्या सोयीने ऐकशील.

दुपारी मांडवातून बायका निघाल्या. नवी लुगडी, डोक्यात अबोली, कडेवर रिकाम्या कळश्या. पुढे सिप्रियनकाका आणि पोरं. मर्सी दारात उभी राहिली, तिने विहिरीवर जायचं नसतं. मी बँडच्या बाजूने, पदर खोचून. काकांनी ट्रम्पेट ओठाला लावलं आणि मुखडा सुरू झाला. पहिली दोन आवर्तनं अशी आली की मी आनंदाने बँडच्याही पुढे निघून गेले.

मग लोकांनी चाल ओळखली. "अरे, ते डीजेवालं!" आणि टाळ्या सुरू झाल्या. आठात. पोरीसोरी, बाया, ओट्यावर जाळी विणत बसलेले म्हातारे, सगळ्यांचा हात तुझ्या टाळीवर. बँड सातात, रस्ता आठात. तीन-चार आवर्तनं विपुलने दात-ओठ खात धरून ठेवली, मग कोळीवाड्याच्या वळणावर त्याचा ढोल सुटला. क्लॅरिनेट एकीकडे, ट्रम्पेट दुसरीकडे. सगळं थांबलं. कोणीतरी मागून ओरडलं, "बाई, ठेका चुकला!" आणि हशा पिकला.

जे मी तुला लिहिलं होतं तेच, शब्दन् शब्द. मला तिथे मातीत शिरावंसं वाटलं. रडू येत होतं आणि ते कोणाला दिसू नये म्हणून मी उगाच चपलेतला खडा काढत बसले.

सिप्रियनकाका जवळ आले. बिचारे हळूच म्हणाले, "बाई, आठात घेऊ? लगेच सावरतो. लग्नाचं काम आहे."

सोपं होतं रे. 'घ्या' म्हटलं असतं तर सगळे नाचले असते, मर्सीच्या घरच्यांची शोभा झाली नसती, मला जेवायला पहिल्या पंक्तीला बसवलं असतं. मी म्हटलं, "नाही." जरा मोठ्यानेच निघालं. "चुकलं तर चुकू दे. वाजेल तर सातात, नाहीतर नका वाजवू." मर्सीच्या आत्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ताजं म्हणून घेतलेलं पापलेट शिळं निघालं. विहिरीपर्यंत सगळे मुकाट्याने गेले. नुसत्या चपलांचा आवाज. पाणी आणायला निघालेला असा मुका बँड पाचूबंदरने आजवर पाहिला नसेल.

विहिरीवर कळश्या भरल्या. आणि परेश, मला कसलीच अक्कल सुचली नव्हती, हे खरंच सांगते. त्यांची रीत अशी की भरलेली कळशी मांडवात पोचेपर्यंत खाली टेकवायची नाही आणि पाणी सांडू द्यायचं नाही. म्हणून एक हात कळशीला वेढलेला, दुसरा तिच्या तोंडावर. परत निघालो तेव्हा एकाही बाईचा हात मोकळा नव्हता. पुरुषांचे म्हणशील तर एकूण एक जण मोबाइल धरून शूटिंग करत होता.

टाळी वाजवायला हातच शिल्लक नव्हते!

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान झटकली आणि ट्रम्पेट उचललं. सुरुवात झाली. पाणी सांडू नये म्हणून बायका बेताने चालत होत्या, लय आपोआप उतरली, मी बसवली होती त्याहूनही सावकाश. पहिली मात्रा रिकामी गेली तशी विपुलने जाऊ दिली. दुसऱ्या आवर्तनाला तीही. वळणावर मी विपुलच्या हाताकडे बघत राहिले. वळण गेलं. मग आत्याबाई, ज्यांनी मघाशी मला डोळ्यांनी खाल्लं होतं, त्या ओठ मिटून गुणगुणायला लागल्या. त्यांच्या मागची बाई, तिच्या मागची. शब्द कोणालाच येत नव्हते. मला येत होते, म्हणून मी मोठ्याने म्हटले. 'खाडीपल्याड दिवा हले.' माझा आवाज कसा आहे तुला माहीत आहे, पण त्या दिवशी मला त्याची लाज वाटली नाही.

मर्सी दारात होती. नाक पुसत हसत राहिली. आई तिला ओरडली, रडू नको, उद्या डोळे सुजतील.

आता फजितीचा उरलेला भाग. संध्याकाळी मांडवात डीजेने तुमचा टीझर सतरा वेळा तरी लावला असेल. सगळे नाचले. मर्सी नाचली, आत्याबाई नाचल्या, सिप्रियनकाका तर टोपी फिरवत नाचले. मला ओढलं, मी गेले नाही. बसून तळलेलं पापलेट खाल्लं, दोन तुकड्या. जग बदललं असं मी म्हणत नाहीये. विहिरीपासून मांडवापर्यंतचा रस्ता माझा झाला, एवढंच म्हणतेय. आणि तो सातात झाला.

नेत्रा


२८ जानेवारी

परेश,

तुझा मेसेज आला. वाचून आधी हसले, मग बराच वेळ खिडकीत उभी राहिले.

म्हणजे मर्सीच्या मामेभावाने टाकलेला व्हिडिओ तुमच्या साहेबांपर्यंत पोचला. आता त्यांना सातातलीच हवी आहे. 'ओरिजिनल व्हर्जन'. कळश्या, लुगडी, बँड, आणि मी स्वतः खालच्या सुरात गाताना. आधी आठातलं गाणं येणार, पंधरवड्याने त्याच्या शेपटाला माझं. "अस्सल मातीतलं सध्या जाम चालतंय," असं ते म्हणतात. परवापर्यंत सात चालत नव्हतं, आज सात चालतंय, उद्या साडेपाच चालेल. त्यांचं काय जातं? आणि आठातल्याला मूळ धरून माझी चाल त्याच्या मागे लावणार, म्हणजे मी ज्याला घाबरत होते तेच, फक्त हार घालून.

सही नाही. आठाला नाही आणि सातालाही नाही.

तू लिहिलंयस की सही मिळाली नाही तर तुला तिथून काढतील. या वाक्यावर मी खिडकीत उभी होते. जाऊ दे नोकरी, असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. अंधेरीची खोली, तुझ्या भावाची फी, सगळं मला माहीत आहे. तुझं वाईट व्हावं असं मला एक दिवसही वाटलेलं नाही, टीझरच्या दिवशीसुद्धा नाही. पण तुझी नोकरी वाचवायला मी माझी चाल द्यावी, तर मग तुझ्याजवळ नोकरी राहील आणि माझ्याजवळ काय? एक चाल होती, ती तुमच्या गाण्याचं शेपूट झाली, हे मी रोज क्लासमध्ये पोरांकडून ऐकायचं? नाही जमणार. सहन होणार नाही म्हणून नाही, पटत नाही म्हणून.

आणि आता उशीरही झालाय. मी बसून प्रत्येक वाद्याचं वेगळं नोटेशन लिहून काढलं आणि सिप्रियनकाकांना दिलं. सांगितलं, वसईतल्या ज्या बँडला हवं त्याला द्या, फुकट द्या, एकच अट, मात्रा वाढवायची नाही. ते म्हणाले, "बाई, असं फुकट दिलं तर तुम्हाला काय?" मी म्हटलं, मला काही नाही, पण कंपनीलाही काही नाही. यावर त्यांना इतकं हसू आलं की खोकला लागला. गेल्या रविवारी गिरिज गावात एका घरी त्यांना कोणीतरी विचारलं म्हणे, "ते पाणी आणायचं वाजवता का?" माझं नाव त्यांना माहीत नव्हतं. चालेल.

तू रविवारी येतो म्हणतोस, कागद घेऊन, समोरासमोर बोलू. कागद आणू नकोस. टीझर उतरवून ये, मग बोलायला मी बसेन, हवा तेवढा वेळ. विपुलचा हात अजून शेवटच्या आवर्तनाला घसरतो, त्याला तू हवा आहेस. मलाही हवा आहेस. हे लपवून मला काही मिळत नाही. पण घरात येताना आठवी मात्रा बाहेर चपलांपाशी ठेवून ये. ती घेऊन आलास तर दार मी उघडणार नाही, मग तू असलास तरी.

नेत्रा